चित्रपटातील प्रकाश आणि रंग : अलंकार की निवेदन?

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात चित्रपट येतो तो बहुधा माध्यमांतराच्या दाराने. कादंबरी, नाटक किंवा आत्मचरित्र आधी वाचले जाते, त्यावरचा चित्रपट नंतर पाहिला जातो आणि मग दोन रकाने आखून तुलना सुरू होते : कोणते प्रसंग घेतले, कोणते गाळले, कोणती पात्रे एकत्र केली, शेवट का बदलला. ही तुलना निरुपयोगी आहे असे नाही. परंतु तिच्यातून चित्रपटाचा जो भाग हाती लागतो तो मुळात साहित्याचाच भाग असतो. कथानक, पात्रे, संवाद, आशयसूत्र या ओळखीच्या गोष्टींची मोजदाद झाली की उरलेल्या चित्रपटासाठी प्रबंधात एखादे वाक्य राखून ठेवलेले असते. छायालेखन प्रसंगानुरूप आहे, रंगसंगती आल्हाददायक आहे, अशा धर्तीचे ते वाक्य असते. कवितासंग्रहाच्या परीक्षणात 'छपाई सुबक आहे' असे लिहिण्याइतकाच त्याचा उपयोग.

या वाक्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. कथा संहितेत असते, आणि प्रकाश व रंग हे तिच्या अंगावर मागाहून घातलेले दागिने असतात, असे ते गृहीतक. कवितेच्या बाबतीत मराठी समीक्षेने ही समजूत केव्हाच टाकून दिली आहे. प्रतिमा हा कवितेचा साज नसून कवितेची विचार करण्याची रीत आहे, हे आज पदवीच्या वर्गातही सांगितले जाते. चित्रपटापाशी आल्यावर मात्र तोच अध्यापक दागिन्यांच्या कल्पनेकडे परत जातो. याचे कारण अनास्था नव्हे. प्रकाशाविषयी बोलणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, साहित्याच्या अभ्यासकाचे नव्हे, असा संकोच त्यामागे असतो. हा संकोच फारसा टिकणारा नाही. गण आणि मात्रा हेही तंत्रच आहे. शार्दूलविक्रीडित रचता न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते ओळखता यावे आणि त्या वृत्ताने कवितेत काय घडवले ते सांगता यावे, अशी अपेक्षा विभाग आजवर करीत आलेच आहेत.

निवेदन म्हणजे केवळ घटना सांगणे नव्हे. कोणाला किती कळावे, केव्हा कळावे, कोणाच्या बाजूने कळावे आणि काय कळू नये, याची व्यवस्था म्हणजे निवेदन. कादंबरीत ही व्यवस्था सर्वनामे, काळ, वाक्यरचना आणि निवेदकाचा स्वर यांच्याद्वारे होते. चित्रपटात तिचा फार मोठा भाग प्रकाश सांभाळतो. चेहऱ्याच्या एकाच बाजूवर दिवा पडला की दुसरी बाजू प्रेक्षकापासून राखून ठेवली जाते. तो काळोख म्हणजे निवेदकाचे मौन असते. छायालेखक मुख्य प्रकाशासाठी एक दिवा योजतो, त्याला 'की लाइट' म्हणतात. त्याने पडलेल्या सावल्या सौम्य करण्यासाठी दुसरा योजतो, तो 'फिल लाइट'. या दोहोंच्या प्रमाणावर चेहऱ्याचा किती भाग वाचता येईल हे ठरते. प्रमाण बदलले की पात्र तेच राहते, संवादही तेच राहतात, पण त्या पात्राविषयी प्रेक्षकाला असलेले ज्ञान बदलते. या ज्ञानाच्या कमीअधिकपणाला कादंबरीच्या तासाला दृष्टिकोन म्हणतात; चित्रपटाच्या तासाला त्यालाच वातावरणनिर्मिती म्हटले जाते.

सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटाचे उदाहरण या संदर्भात घेण्यासारखे आहे. बनारसमधील हरिहरच्या घराचे अंगण हे बनारसमधले नाही. कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले. चारही बाजूंनी भिंती असलेल्या अशा अंगणात प्रत्यक्षात थेट ऊन क्वचित उतरते. वरच्या चौकोनी आकाशातून झिरपलेला, सावली न पाडणारा उजेड तेथे दिवसभर असतो. त्या काळच्या स्टुडिओतील प्रथेप्रमाणे वरून थेट दिवे लावले असते तर प्रत्येक पात्राच्या मागे दोन-तीन सावल्या पडल्या असत्या. सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत खालून त्या कापडावर टाकून परतलेला उजेड अंगणात उतरवला. ही हकीकत चित्रपटविषयक पुस्तकांत तंत्रातील शोध म्हणून सांगितली जाते. तिचे निवेदनदृष्ट्या महत्त्व मात्र वेगळे आहे. दिव्यांच्या जुन्या पद्धतीत प्रकाश नायक निवडतो : जो महत्त्वाचा त्याच्यावर दिवा, बाकीचे मागे. मित्रांच्या अंगणातील उजेड कोणालाही निवडत नाही. आजारी हरिहर, पाणी भरणारी सर्वजया, जिन्यावरून येणारेजाणारे शेजारी या सर्वांवर तो सारखाच पडतो. हरिहरचा मृत्यू या घरात येतो तेव्हा त्या मृत्यूसाठीही उजेड बदलत नाही. जगाच्या या तटस्थपणाविषयी एकही पात्र काही बोलत नाही, आणि बोलण्याची गरजही उरत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला 'कागज के फूल' (१९५९) आहे. गुरुदत्त यांची उमेदवारी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत झाली, आणि प्रभातच्या स्टुडिओ-परंपरेतील नाट्यपूर्ण छायाप्रकाशाशी त्यांच्या चित्रपटांचे नाते जोडण्याचा मोह होतो. तो तूर्त बाजूला ठेवावा. व्ही. के. मूर्ती यांनी चित्रित केलेला हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शक सुरेश सिन्हा आणि शांती समोरासमोर येतात आणि छतातून खाली एक तिरपा, घनदाट किरण उतरलेला दिसतो, हा प्रसंग चित्रपटाच्या इतिहासात सर्वज्ञात आहे. दिव्यांनी असा किरण साधेना तेव्हा मूर्तींनी बाहेरचे ऊन आरशाने आत घेतले आणि दुसऱ्या आरशाने ते वळवून खाली सोडले. २००८ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला तेव्हा, तो मिळवणारे पहिले छायालेखक म्हणून त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यात या आरशांची हकीकत सगळीकडे होती. किरण काय सांगतो याचा उल्लेख त्या मानाने विरळ होता.

प्रसंगाचा सारांश कोणी लिहिला तर तो एका ओळीचा होईल : दोघे भेटतात, बोलत नाहीत, एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत. सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत दोघे दोन कडांना उभे आहेत आणि मधली जागा रिकामी आहे. त्या रिकाम्या जागी किरण उतरतो. मग स्थिर उभ्या असलेल्या दोन देहांतून दोघांच्या प्रतिमा सुटून निघतात आणि त्या उजेडाच्या दिशेने चालत जाऊन एकत्र येतात. देह मात्र जागच्या जागी, अंधारात राहतात. या दोघांना एकत्र येण्यासाठी जगात जागा नाही, प्रकाशात आहे, आणि तो प्रकाशही स्टुडिओतला आहे. चित्रपटगृहात प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाणारा प्रक्षेपकाचा झोत असाच दिसतो. 'यांचे मीलन केवळ पडद्यावर शक्य आहे' हे विधान कोणत्याही पात्राच्या तोंडी नाही. तसे ते असते तर ढोबळ झाले असते. ते विधान किरणाने केले आहे. म्हणून किरण येथे निवेदक आहे.

प्रकाशाविषयी इतपत मान्य करणारे अभ्यासकही रंगापाशी आल्यावर एक सोपी वाट धरतात, आणि ही वाट दागिन्यांच्या कल्पनेपेक्षा अधिक फसवी आहे. ती वाट म्हणजे रंगांचा कोश. तांबडा म्हणजे वासना किंवा क्रोध, पांढरा म्हणजे पावित्र्य, निळा म्हणजे विरह, काळा म्हणजे अमंगल. या कोशाला परंपरेचा आधारही सहज मिळतो. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना वर्ण दिलेले आहेत : शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोतवर्ण, रौद्र रक्तवर्ण, आणि याप्रमाणे पुढे. तेव्हा चित्रपटातील रंग वाचणे म्हणजे या यादीशी ताळा जमवणे, असा समज रूढ होतो. नाट्यशास्त्रातील ही व्यवस्था एका सांकेतिक रंगभूमीची आहे, जिथे प्रेक्षकालाही संकेत ठाऊक असतात. चित्रपटात तिचा ताळा जमवताना हा फरक विसरला जातो.

कोशाप्रमाणे रंग योजणारे चित्रपट नसतात असे नाही. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) हे त्याचे मराठीतील ठळक उदाहरण. ज्या जर्मन चित्रपटाच्या कथासूत्रावर तो आधारलेला आहे तो, योझेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा 'डेर ब्लाउए एंगेल' (१९३०), कृष्णधवल होता. रंग त्याच्या केवळ नावात होता. त्याच्याही मागे हाइनरिख मान यांची १९०५ सालची कादंबरी आहे. शांतारामांनी ही कथा तमाशाच्या फडात आणली आणि तिला भरघोस रंग दिला. मास्तर पांढऱ्या वेषातले, चंद्रकला आणि तिचा फड झगमगत्या नऊवारीतला. पांढऱ्याला डाग लागत जातो आणि कथा पुढे सरकते. या रंगयोजनेला गोंधळ ठाऊक नाही. तिच्या स्पष्टतेचा 'पिंजरा'च्या लोकप्रियतेत वाटाही असावा. पण रंग येथे जे सांगतो ते संवादांनी, गाण्यांनी आणि कथानकाने आधीच सांगितलेले असते. स्वतःच्याच खुनाचा आरोप माथ्यावर घेणारा माणूस ही या कथेतील सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट आहे. तिच्यापाशी पोहोचल्यावर पांढरा आणि रंगीत या दोनच खान्यांची भाषा अपुरी पडते आणि सारा भार श्रीराम लागूंच्या अभिनयावर येतो. चित्रपटात कोणीही न बोललेली गोष्ट रंग सांगतो काय, ही कसोटी लावली तर 'पिंजरा'तील रंग बहुतांशी पुनरुक्तीच्या बाजूला जातो.

कोशापेक्षा चांगले साधन मराठी समीक्षेच्या घरातच आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मांडलेला लयविचार सर्वांच्या परिचयाचा आहे : संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांतून कलाकृतीची घडण होते. या विचाराचा साहित्याला लागू पडण्यापुरता बराच खल झाला, आणि साहित्यात संवेदना कोणत्या, या प्रश्नापाशी तो अडखळलाही. चित्रपटात ही अडचण नाही. तेथे संवेदना डोळ्यांपुढेच असतात. मर्ढेकरांच्या दृष्टीने पाहिले तर तांबडा रंग स्वतःहून काहीच म्हणत नाही. अर्धा तास राखी आणि मातकट चौकटी पाहिल्यावर आलेला तांबडा एक गोष्ट सांगतो. तांबड्यांच्या गर्दीत आलेला तांबडा कदाचित काहीच सांगत नाही. अर्थ रंगात नसतो, रंगांच्या क्रमात आणि संबंधांत असतो. म्हणजेच तो काळात उलगडतो. जे काळात उलगडते ते निवेदनाच्या कक्षेत येते. मर्ढेकरांना हा निष्कर्ष कितपत मानवला असता हा प्रश्न वेगळा. लौकिक अर्थाला ते कलेच्या बाहेर ठेवू पाहत होते, आणि चित्रपटातला रंग तर लौकिकाने माखलेला असतो. त्याचा विचार 'फँड्री'च्या संदर्भात करावा लागेल.

त्याआधी मराठी विभागांना सर्वांत जवळचे उदाहरण पाहिले पाहिजे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन आणि त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) ही जोडी माध्यमांतराच्या अभ्यासासाठी पुन्हा पुन्हा घेतली जाते. तुलना नेहमीच्याच वळणाने जाते : हंसाची उषा झाली, काही पुरुषांची नावे बदलली, काही वर्षे आवळली गेली. बाईच्या बोलण्यातला बेधडकपणा चित्रपटात उतरला का, असा प्रश्न मग विचारला जातो आणि उत्तर बहुधा नकारार्थी येते, कारण चित्रपटात तो निवेदनाचा आवाजच नाही. आवाज शोधायचा आणि तो कानांनीच शोधायचा, असे ठरवून घेतल्यावर दुसरे उत्तर मिळणे कठीण आहे.

'सांगत्ये ऐका'चे बळ त्याच्या नावातील क्रियापदात आहे. ते लिहिलेले नसून सांगितलेले आहे. सांगणारी स्त्री आणि तिने सांगितलेली मुलगी यांच्यात दशकांचे अंतर आहे, पण बोलण्याच्या ओघात ते अंतर बुजते. एकाच वाक्यात मुलीची भीती आणि प्रौढ बाईचा उपहास नांदू शकतो. कथनमीमांसेच्या भाषेत, निवेदन करणारी 'मी' आणि अनुभवणारी 'मी' या दोघी एकाच आवाजात राहतात. चित्रपटाला ही सोय नाही. पडद्यावर लहान मुलगी दाखवली की ती लहान मुलगीच असते. तिच्याकडे पाहणारी मोठी बाई त्याच चौकटीत आणता येत नाही. गोविंद निहलानी यांच्या छायालेखनाने हा प्रश्न ज्या रीतीने सोडवला आहे तिचा विचार तुलनेच्या रकान्यांत क्वचितच येतो. अभिनेत्री उषाचा वर्तमान रंगीत आहे. ती घर सोडून निघते आणि आठवणी सुरू होतात तेव्हा बालपणाचे जग कृष्णधवल होते : कोकणातले घर, गाणारी आजी, कडवट झालेली आई, आणि घरात येऊनजाऊन असणारा केशव दळवी.

भूतकाळ कृष्णधवल दाखवणे हा आता झिजून गेलेला संकेत आहे, आणि तेवढेच असते तर त्यावर थांबण्याचे कारण नव्हते. 'भूमिका'त त्याला आणखी एक पदर आहे. उषा चित्रपटातली नटी आहे. हंसा वाडकरांनी ज्या चित्रपटांत कामे केली ते 'संत सखू' (१९४१), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे सारे कृष्णधवल होते. तेव्हा उषाचे बालपण ज्या छटांत दिसते त्या त्या काळच्या पडद्याच्याही छटा आहेत. नटीला स्वतःचे आयुष्य आठवते ते तिच्या चित्रपटांच्या रंगात. म्हणजे ज्या धंद्याने तिला गिळले त्याच धंद्याने तिच्या स्मृतीचाही रंग ठरवला आहे. दुसरीकडे चित्रपट उघडतो तो भडक रंगातल्या नाचाच्या चित्रीकरणावर. तो रंग वर्तमानाचा म्हणून खरा मानावा, तर तो स्टुडिओतल्या दिव्यांचा आणि वेषभूषेचा. खरे काय आणि केलेले काय याचा उलगडा रंगावरून होत नाही, आणि उषालाही तो होत नसतो. आत्मकथनात हा संभ्रम बोलणाऱ्या बाईच्या स्वरातून जाणवतो, चित्रपटात तो रंगांच्या या दोन व्यवस्थांमधून. पुस्तकातला आवाज चित्रपटात हरवला असे म्हणण्याऐवजी तो छायालेखकाकडे सोपवला गेला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. अर्थात, बेनेगलांच्या चित्रपटात पुस्तकातला विनोद उणावला आहे ही तक्रार तरीही उरते, आणि ती रास्त आहे. निहलानींच्या छटांना हसता येत नाही.

रंगांचा क्रम हेच निवेदन असेल, तर तो क्रम मोडल्यावर कथाच बदलली पाहिजे. याचे आयते प्रमाण 'मुगल-ए-आझम'ने पुरवले आहे. के. आसिफ यांचा हा चित्रपट १९६० साली आला तेव्हा त्याचा बराच भाग कृष्णधवल होता; शीशमहालातील नृत्य आणि शेवटाकडील भाग तेवढे रंगीत होते. यामागे व्यावहारिक कारणे होती. चित्रीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आणि दरम्यान रंगीत फिल्म हाताशी आली. पण पडद्यावर जे घडत होते ते असे : अनारकलीचे प्रेम महालाच्या अंधाऱ्या दालनांत लपलेले असेतो जग कृष्णधवल, आणि भर दरबारात तिने ते उघड करताच जग रंगीत. छतावरच्या असंख्य आरशांत तिची प्रतिमा पसरते त्या क्षणी बादशहाला काहीही झाकता येत नाही, आणि पडद्यालाही नाही. २००४ साली हा चित्रपट संगणकाच्या साह्याने संपूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. आता पहिल्या चौकटीपासून सगळेच रंगीत आहे, त्यामुळे शीशमहालात काही उघडत नाही. एक नेत्रदीपक गाणे येते आणि जाते. रंग हा दागिना असता तर या बदलाने कथेचे काही बिघडायला नको होते.

प्रकाशाचाही एक कोश आहे आणि तो रंगांच्या कोशापेक्षा खोल रुजलेला आहे : उजेड म्हणजे ज्ञान, मुक्ती, आशा, अंधार म्हणजे अज्ञान, बंधन, भय. प्रबोधनाच्या साऱ्या भाषेने तो घट्ट केला आणि दलित कवितेतील सूर्याच्या प्रतिमांनी त्याला विद्रोहाचे तेज दिले. अलीकडच्या दोन मराठी चित्रपटांनी या कोशाला धक्का दिला आहे. पहिला, संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४). माधवी घारपुरे यांच्या कथेवरील या चित्रपटात डोळ्यांच्या कर्करोगामुळे परशुराम या मुलाची दृष्टी जाणार आहे. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन शहर दाखवतात. या कथेत उजेड कशाचे प्रतीक नाही. तो स्वतःच गमावली जाणारी वस्तू आहे. कोकणची हिरवाई पडद्यावर आली की एरवी जी 'निसर्गसौंदर्या'ची नोंद केली जाते ती येथे लटकी पडते. प्रेक्षक त्या हिरव्याकडे मुलाच्या वतीने, उसने घेतल्यासारखे पाहत असतो. मुलगा परत येतो तेव्हा हिरवे तसेच आहे, आणि ते त्याच्यासाठी नाही. दिग्दर्शकाने येथे मोठा संयम पाळला आहे : मुलाच्या डोळ्यांपुढचा अंधार पडद्यावर आणून प्रेक्षकाला हुबेहूब अनुभव देण्याचा सोपा मार्ग या कथेला सहज उपलब्ध होता, पण भर प्रेक्षकाच्या शाबूत दृष्टीवरच ठेवला आहे.

दुसरा चित्रपट, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). विक्रम अमलाडी यांनी चित्रित केलेल्या या चित्रपटाचे बहुसंख्य विवेचन जातवास्तवाभोवती फिरते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ते वास्तव कोणत्या उजेडात दाखवले आहे हा प्रश्न विवेचनाच्या बाहेर ठेवता येत नाही. जब्या या कैकाडी मुलाला काळी चिमणी हवी आहे. तिची राख अंगावर टाकली तर शालू वश होईल असा त्याचा विश्वास. काळा रंग येथे कोशातला अमंगळ रंग नाही. तो जब्याच्या कातडीचा रंग आहे, तो दुर्मिळ पाखराचा रंग आहे, आणि ज्या गोष्टीसाठी गाव त्याला हिणवते तीच गोष्ट मुक्तीचे साधन म्हणून तो रानभर शोधत हिंडतो. या उलट्या हिशोबाविषयी चित्रपटात कोणी भाष्य करीत नाही. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कोडॅकच्या रंगीत फिल्मचा समतोल कित्येक वर्षे गोऱ्या कातडीच्या स्त्रीचे छायाचित्र असलेल्या नमुना-कार्डावरून जुळवला जात असे. गडद कातडीचे बारकावे त्यात बुजत. भारतीय चित्रपटांनी मेकअपने आणि दिव्यांनी या पक्षपातात भर घातली. काळ्यासावळ्या चेहऱ्याचे बारकावे दिसतील असा उजेड योजणे हा म्हणूनच निव्वळ कौशल्याचा प्रश्न राहत नाही. मर्ढेकरांना अभिप्रेत असलेली लौकिकमुक्त संवेदना येथे मिळणार नाही. रंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो तोच जातीतून गाळून.

चित्रपटाचा शेवटचा मोठा प्रसंग डुकरे पकडण्याचा आहे. तो भर उजेडात, शाळेच्या लगत, उघड्या माळावर घडतो. कचरूचे सारे कुटुंब धावते आहे; बघे जमले आहेत, हसत आहेत, वर्गमित्र आहेत, शालूही आहे. जब्या भिंतीच्या, झुडपांच्या आड लपू पाहतो. त्याला सावली हवी आहे, आणि दृश्यात सावली जवळजवळ नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा सारे जागीच ताठ उभे राहतात आणि हाताशी आलेले डुकर निवांतपणे निघून जाते. याही वेळी ऊन सर्वांवर सारखेच आहे. पण 'अपराजितो'तल्या अंगणातील समभाव या उन्हात नाही. तेथे उजेड कोणालाच निवडत नव्हता. येथे तो एकाला उघडा पाडतो आणि बाकीच्यांना प्रेक्षक बनवतो. उजेडातच हा मुलगा पकडला जातो. पुढे डुकर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकरांची, फुल्यांची, सावित्रीबाईंची, गाडगेबाबांची चित्रे दिसतात. प्रबोधनाचे चेहरे आणि त्या चेहऱ्यांसमोरून चाललेले हे ओझे एकाच लख्ख चौकटीत येतात, आणि उजेड म्हणजे ज्ञान हे समीकरण त्या चौकटीत टिकत नाही. परीक्षेत 'फँड्रीमधील प्रतीके' असा प्रश्न आला की विद्यार्थी काळी चिमणी लिहितात, डुकर लिहितात, भिंतीवरची चित्रे लिहितात. ऊन कोणी लिहीत नाही.

प्रकाश आणि रंग यांना निवेदन मानायचे तर पाठाची काळजीही तितक्याच कसोशीने घ्यावी लागेल. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आयुष्ये वेचणाऱ्या परंपरेतील विभाग चित्रपटाची मिळेल ती प्रत कशी चालवून घेतात, हे नवलच आहे. जुन्या ईस्टमनकलर प्रतींमधील रंगद्रव्ये सारख्या गतीने उडत नाहीत. निळसर हिरवे आधी फिकटते आणि सबंध चित्रपट तांबूस होत जातो. अशी प्रत पाहून दिग्दर्शकाने लाल छटेतून उत्कटता साधली आहे असे कोणी लिहिले, तर तो दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हे. संगणकावर मिळणाऱ्या प्रतींत काळोख करडा होतो, चौकटीच्या कडा छाटलेल्या असतात, आणि 'कागज के फूल'मधील दोघांच्या मधली रिकामी जागाच उरत नाही. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत नायट्रेट फितींची असंख्य रिळे जळाली, त्यांत प्रभातच्या काळातील ठेवा होता. त्या चित्रपटांविषयी आज जे लिहिले जाते ते पुष्कळदा प्रतींच्या प्रतींवरून. मूळ प्रकाश कसा होता हे सांगता येत नसेल तर निदान कोणती प्रत पाहिली याची नोंद प्रबंधात असावी. हस्तलिखिताच्या बाबतीत ती नसेल तर मार्गदर्शक प्रबंध परत करतात.

प्रश्नपत्रिकेतही एक लहान बदल करता येण्याजोगा आहे. चित्रपटाचे कथानक लिहा, माध्यमांतरातील बदल सांगा, या प्रश्नांच्या जोडीला एखादा तीन मिनिटांचा प्रसंग आवाज बंद करून दाखवावा आणि त्यात प्रेक्षकाला काय कळते, कोणाआधी कळते, काय झाकून ठेवलेले आहे, एवढेच विचारावे. त्यासाठी नवा ग्रंथ लागणार नाही, नवा अध्यापकही लागणार नाही. लागेल ती अंधारी खोली, आणि महाविद्यालयांत नेमकी तीच दुर्मिळ आहे. 'फँड्री'च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दुपारच्या तासाला, पडदे नसलेल्या खिडक्यांच्या वर्गात तो काळा होत नाही. करड्या चौकोनावर खिडक्यांच्या गजांचे प्रतिबिंब तेवढे दिसते, आणि तेवढ्यात कोणीतरी उठून ट्यूबलाइट लावतो.